तीस वर्षं राहायचं घर: आत्ता काय पक्कं करायचं, काय मोकळं सोडायचं

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती वॉकर घेऊन घरी आली, त्याच दिवशी कळलं की वॉकर न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही. वॉकरची रुंदी २५ इंच, चौकटीतून मिळणारी मोकळी जागा २४ इंच. त्या एका इंचासाठी चौकट काढावी लागली. चौकट काढताना बाजूच्या फरशा निघाल्या, फरशांमागे गरम पाण्याचा पाइप निघाला, दुसऱ्या बाजूला दिव्याचं बटण होतं तेही हलवावं लागलं. आठ दिवस घरभर धूळ. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिलाच त्या आठ दिवसांत धड झोप मिळाली नाही. घर बांधताना तीच चौकट आठ-दहा इंच जास्त रुंद धरली असती तर दाराला थोडं लाकूड जास्त लागलं असतं आणि वीटकाम तेवढंच कमी.

नवं घर बांधताना किंवा जुनं दुरुस्त करताना आपण बहुतेक आजचा हिशेब मांडतो. माणसं किती, खोल्या किती, ओटा कुठल्या रंगाचा. पण ज्या घरात पंचवीस-तीस वर्षं काढायची आहेत त्याला एवढा हिशेब पुरत नाही. आज पाळण्यात असलेलं मूल तोवर नोकरीला लागलेलं असेल, आज जिना धावत चढणारा माणूस कठडा धरून चढत असेल. तीस वर्षांनी कोण कसं असेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि ते ओळखायची गरजही नाही. घरातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारत गेलात तरी पुष्कळ झालं: ही पुढे बदलावी लागली, तर हिच्यासोबत आणखी काय काय फोडावं लागेल?

घराला एक वय नसतं

‘घर चाळीस वर्षांचं झालं’ असं आपण म्हणतो, पण त्यातलं सगळं चाळीस वर्षांचं नसतं. पाया, कॉलम, बीम, स्लॅब हा सांगाडा नीट बांधला आणि ओलीपासून जपला तर ६०-७० वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतो. भिंतीतले पाइप आणि वायरी साधारण २५ ते ४० वर्षांत बदलायला येतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग त्याच्या बरेच आधी. नळ, गीझर, पंप यांचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. आतला रंग आणि कपाटांची मांडणी तर आपण त्याहून लवकर बदलतो. एका छपराखाली पाच-सहा वेगवेगळी आयुष्यं नांदत असतात.

नेदरलँड्सचे वास्तुरचनाकार जॉन हाब्राकेन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सामूहिक घरबांधणीसाठी हाच विचार मांडला होता. इमारतीचा सांगाडा वेगळा ठरवावा, तो दीर्घकाळ टिकेल असा बांधावा. आतल्या भिंती, न्हाणीघरं, ओटे हा भरणा राहणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे करावा, आणि गरज बदलली की सांगाड्याला हात न लावता काढून टाकावा. आपलं घर एकाच कुटुंबाचं असलं तरी हा विचार त्याला तसाच लागू पडतो, कारण तीस वर्षांत तेच कुटुंब दोन-तीनदा वेगळं होतं.

यातून कामाचा नियम असा निघतो: लवकर म्हातारं होणारं काहीही उशिरा म्हातारं होणाऱ्याच्या पोटात गाडू नये.

पाण्याचे आणि सांडपाण्याचे उभे पाइप कॉलममध्ये किंवा काँक्रीटमध्ये पुरले, तर २५ वर्षांनी एक गळती शोधायला सांगाडा फोडायची वेळ येते. तेच पाइप एका उभ्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळ जागेतून नेले आणि डक्टला माणसाचा हात आणि पाना आत जाईल एवढं झाकण ठेवलं, तर तेच काम प्लंबर एका दुपारी उरकतो. न्हाणीघरं, संडास आणि स्वयंपाकघर एकमेकांना लागून किंवा एकाखाली एक ठेवली तर एकच डक्ट पुरतो, पाइपांची लांबी घटते आणि गळण्याच्या जागाही घटतात. आराखड्यातल्या कुठल्याही सजावटीपेक्षा मी या एका गोष्टीवर जास्त वेळ घालवायला सांगेन.

न्हाणीघराखाली स्लॅब मुद्दाम खाली दाबून त्या खड्ड्यात पाइप टाकायचे आणि वर भराव घालून फरशी बसवायची, ही पद्धत सर्रास दिसते. साइटवर तिला संकन स्लॅब म्हणतात. यात सांधा गळला तर पाणी भरावात साठत राहतं आणि खालच्या छताला डाग पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. खालचा मजलाही आपलाच असेल तर पाइप स्लॅबच्या खालून टांगून घ्या आणि उघडता येईल अशा हलक्या छताने झाका. दिसायला ते थोडं कमी नीटस वाटेल, पण गळती पहिल्याच थेंबाला दिसेल.

वायरींचंही तसंच. स्लॅबमधून जाणारी नळी टाळता येत नाही, पण ती रुंद घेता येते. नळी ठासून भरली की पुढे एक वायरसुद्धा ओढता येत नाही. निम्म्याहून जास्त पोकळी मोकळी राहू द्या. मुख्य बोर्डापासून गच्चीपर्यंत आणि गाडी उभी राहते तिथपर्यंत एकेक रिकामी नळी, आत ओढायची तार घालून, आत्ताच टाकून ठेवा. सौर पॅनेल किंवा गाडी चार्ज करायची सोय दहा वर्षांनी करायची म्हटलं तर भिंत फोडावी लागणार नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र पुढच्यासाठी ठेवू नका, तो पहिल्या दिवसापासून हवा. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत वाहू लागली तर क्षणार्धात प्रवाह तोडण्याचं काम तो करतो. साधा एमसीबी ते करत नाही, तो वायरींना जास्त भारापासून वाचवतो.

जुन्या घराचं काम असेल तर सुरुवात वेगळी असते. कुठली भिंत भार उचलते आणि कुठली नुसता आडोसा आहे, हे आधी कळायला हवं. कॉलम-बीमच्या घरात मधल्या भिंती बहुतेक आडोशाच्या असतात. जुन्या वीट-दगडाच्या घरात भिंतीच छपराचा आणि वरच्या मजल्याचा भार पायापर्यंत नेतात. जाडीवरून अंदाज बांधू नका. काही घरं दोन्ही पद्धतींची असतात, मूळ घर भिंतींवर आणि नंतरची वाढ कॉलमवर. ‘ही भिंत पाडली तरी चालेल’ हे शब्द स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष येऊन, बघून, कागदावर लिहून दिले तरच खरे धरा. बीमला पाइपसाठी आरपार भोक पाडणं, कॉलमची कड तासून दार बसवणं या गोष्टी दहा मिनिटांत होतात आणि त्यांची किंमत घर पुढे कितीतरी वर्षं मोजत राहतं.

पाणी

घरं बहुतेक पाण्याने मरतात. म्हणून इथे थोडं खोलात जाऊ.

काँक्रीट दाबाखाली मजबूत असतं पण ताणाला कच्चं असतं, ताण सळई घेते. सळई लोखंडाची, म्हणजे गंजणारी. तरी ताज्या काँक्रीटमध्ये ती गंजत नाही, कारण सिमेंटमुळे आतलं वातावरण तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२-१३ असतो. अशा वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत जातो आणि ही अल्कधर्मिता बाहेरून आत कमी करत नेतो. पीएच साधारण ९च्या खाली आला की तो थर नाहीसा होतो, आणि मग ओल व हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्या फुगण्याने काँक्रीट आतून फाटतं, पापुद्रे सुटतात, आणि फटीतून आणखी पाणी आत जातं. जुन्या छताला सळईच्या रेषेत पडलेल्या लांब चिरा म्हणजे हाच प्रकार. त्यावर गिलावा लिंपून रंग देणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

आता बांधकामाच्या वेळी काय बघायचं ते यातून आपोआप कळतं. सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांतलं अंतर, ज्याला कव्हर म्हणतात, तेच सळईचं चिलखत. स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, कॉलमला ४० मिलिमीटर, आणि समुद्राजवळ त्याहून जास्त. नेमका आकडा इंजिनिअर देतो, आपण काँक्रीट ओतायच्या आधी सळईखाली त्या मापाचे ठोकळे खरोखर लावलेत का ते पाहायचं. सळई थेट फळीवर टेकलेली दिसली तर काम थांबवा. त्या एका वेळी वाईटपणा आला तरी चालेल.

दुसरी गोष्ट मिश्रणातलं पाणी. सिमेंटची रासायनिक क्रिया पुरी व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी लागतं, हाताळता यावं म्हणून प्रत्यक्षात ४५-५० टक्क्यांपर्यंत घालतात. ओतायला सोपं जावं म्हणून साइटवर कुणी वरून आणखी बादली ओतली, की ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवून जातं. कार्बन डायऑक्साइड आणि ओल त्याच पोकळ्यांतून आत शिरतात. मिश्रणात पाणी मोजून, आणि घट्ट झाल्यावर मात्र मनसोक्त: काँक्रीट किमान ७ दिवस, मिश्र सिमेंट असेल तर १० ते १४ दिवस सतत ओलं राहिलं पाहिजे. दिवसातून दोनदा नळीने शिंपडणं म्हणजे सतत ओलं नव्हे. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत जास्त हेच चुकवलं जातं.

न्हाणीघराची फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगच्या थरावर पाणी साठवून ४८ तास ठेवा, आणि खालून छत बघा. फरशी लागल्यावर केलेली परीक्षा उशिराची असते, कारण तेव्हा दोष सापडला तरी दुरुस्तीला सगळंच उखडावं लागतं. उताराचं माप सोपं आहे, पाच-साडेसहा फुटांत एक इंच. त्याहून कमी असेल तर पाणी कोपऱ्यात थबकतं, आणि कोपरा घसरडा होतो. फरशी बसल्यावर बादलीभर पाणी ओता आणि मिस्त्री समोर असतानाच ते कुठे जातं ते पाहा.

ट्रॅपबद्दल एक बारीकशी गोष्ट. सांडपाण्याच्या जाळीखालच्या वळणात सुमारे दोन इंच पाणी कायम अडून राहतं, तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेलं न्हाणीघर महिनोन्महिने वापरलं नाही तर हे पाणी सुकतं आणि घरात वास पसरतो. पाइप फुटला असं समजून लोक फरश्या उखडतात. आधी एक तांब्या पाणी ओतून बघा.

छतावरून पाणी दूर न्यायला उतार, छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेपासून थोडं आत एक खाच म्हणजे पाणी भिंतीपर्यंत ओघळत न येता तिथेच ठिबकून पडेल, आणि जोत्यावर जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर, एवढं नव्या घरात झालंच पाहिजे. जुन्या घरात भिंत ओली असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधा. जमिनीतून चढणारी ओल खालून सुरू होऊन दोन-तीन फुटांवर थांबते, गळक्या पाइपाची ओल एका जागी गोल पसरते, पावसाची ओल पावसासोबत येते-जाते. तिन्हींचा उपाय वेगळा. रंगाची निवड त्यानंतरची गोष्ट.

शरीर बदलतं, घर बदलत नाही

अमेरिकेतले वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस लहानपणी पोलिओ झाल्यापासून चाकाच्या खुर्चीवर होते. अपंगांसाठी वेगळी आणि बाकीच्यांसाठी वेगळी अशी रचना करण्यापेक्षा सगळ्यांना वापरता येईल अशी एकच रचना करावी, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी ‘सार्वत्रिक रचना’ ही संज्ञा त्यांनी रूढ केली. १९९७मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिची सात तत्त्वं मांडली. या विचारातलं मला सर्वांत पटलेलं म्हणजे रुंद दार सगळ्यांच्याच उपयोगी पडतं. कपाट आत नेणाऱ्याला, बाळाची गाडी ढकलणाऱ्याला, पाय मोडून कुबड्यांवर आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला, आणि माझ्या आईला.

दारातून मोकळी जागा किमान ३२ इंच मिळाली पाहिजे. फळी उघडली तरी तिची जाडी आणि बिजागऱ्या जागा खातात, म्हणून दार ३ फुटांचं धरा. न्हाणीघराचं दारही तेवढंच, आणि ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत कुणी चक्कर येऊन दारापाशी पडलं, तर आत उघडणारं दार त्या माणसाच्या अंगावरच अडतं आणि मदतीला आलेल्याला आत जाता येत नाही. चाकाची खुर्ची पूर्ण फिरायला ५ फूट व्यासाची मोकळी जागा लागते. प्रत्येक खोलीत ती मिळणं कठीण, पण तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून एक न्हाणीघर असं मिळालं तरी पुढची बरीच चिंता मिटते. ती खोली आज अभ्यासाची, पाहुण्यांची, काहीही असू द्या.

उताराचा हिशेब फूट-इंचांत फार सोपा होतो: १ इंच चढायला १ फूट लांबी. जोतं दीड फूट उंच असेल तर १८ फूट लांब उतार हवा, मध्ये थांबायच्या जागा वेगळ्या. बऱ्याच घरांपुढे एवढी जागा नसते. म्हणून जोतं किती उंच ठेवायचं हे ठरवतानाच हा प्रश्न काढावा. पुराची किंवा पाणी तुंबायची भीती असेल तर जोतं उंचच हवं, मग उतार घराच्या बाजूने वळवून नेता येईल अशी पट्टी मोकळी सोडा.

जिन्याचं गणित १७व्या शतकात फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी माणसाच्या पावलावरून मांडलं, ते आजही वापरात आहे. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, ही बेरीज साधारण २४ ते २५ इंच यायला हवी. ६ इंच उंची आणि १२ इंच रुंदी केली की २४ येतात, आणि असा जिना म्हातारपणीही दमवत नाही. ७ आणि १० हेही बसतं, फक्त चढ जाणवतो.

मात्र या बेरजेपेक्षाही सगळ्या पायऱ्या सारख्या असणं महत्त्वाचं. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता तीच धरून चालतो. एक पायरी अर्ध्या इंचाने वेगळी निघाली की तोल जातो. ही चूक कुठे होते तेही ठरलेलं आहे: पहिल्या आणि शेवटच्या पायरीला. जिना ओतताना खोल्यांमध्ये नंतर बसणाऱ्या फरशीची जाडी कुणी धरत नाही. फरशी बसली की खालची पायरी दोन इंचांनी बुटकी आणि वरची तेवढीच उंच होते. म्हणून कुठल्या खोलीत किती जाडीची फरशी येणार हे जिना ओतायच्या आधी ठरलेलं असावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं मरतात, आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. घरापुरतं बोलायचं तर पडण्याच्या जागा माहीत आहेत: न्हाणीघर, जिना, अंधारात पलंगापासून संडासापर्यंतची वाट. न्हाणीघरात गुळगुळीत चकचकीत फरशी नको, खरखरीत घ्या. अंघोळीच्या जागेला उंबरठा करण्याऐवजी उतारानेच पाणी अडवा. धरायचे दांडे आज लावायची गरज नाही, पण ते जिथे येतील तिथली भिंत आजच त्या ताकदीची हवी. तोल गेलेला माणूस सगळं वजन एका हाताने त्या दांड्यावर टाकतो, म्हणजे त्याने ११०-११५ किलो तरी पेललं पाहिजे. विटेची भिंत ते करते. हलक्या पोकळ भिंतीत फरशीमागे जाड प्लायवुड आत्ताच बसवून घ्या आणि कुठे बसवलं ते लिहून ठेवा.

उजेडाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आज पुरेसा वाटणारा एकुलता दिवा पुढे पुरणार नाही. ओट्यावर, जिन्याच्या दोन्ही टोकांना, न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीलगत, अशा दिव्यांच्या जागा वाढवून ठेवा, आणि जिन्याचा दिवा वरून-खालून दोन्हीकडून लावता-विझवता यावा. प्लग जमिनीपासून दीड फुटावर असले तर वाकावं लागत नाही. दाराला गोल मुठीऐवजी दांड्याची कडी लावली तर सांधे दुखणाऱ्या हातालाही उघडते.

ऊन

खिडक्यांच्या दिशा एकदा ठरल्या की बदलणं कठीण, म्हणून थोडक्यात हेही. उत्तर गोलार्धात ३० अंश अक्षांशावर भर दुपारी सूर्य जूनमध्ये क्षितिजापासून ८३.५ अंश वर असतो, डिसेंबरमध्ये ३६.५ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरचा दोन फुटी छज्जा उन्हाळ्यात दुपारी पूर्ण खिडकी सावलीत ठेवतो आणि हिवाळ्यात जेमतेम दीड फूट सावली पाडून बाकीचं ऊन आत सोडतो. दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेच्या खिडकीला लागू. पश्चिमेला मात्र छज्जा फारसा कामाचा नाही. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य एवढा खाली येतो की ऊन छज्ज्याखालून सरळ घरात शिरतं. तिथे खिडक्या लहान, उभे आडोसे किंवा झाड. आणि वारा एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर जाईल अशा समोरासमोरच्या खिडक्या. एकाच भिंतीत दोन मोठ्या खिडक्या करून ते साधत नाही.

मोकळं सोडण्याच्या जागा

पुढे दोन खोल्यांची एक किंवा एका घराची दोन बिऱ्हाडं करावी लागतील असं वाटत असेल, तर भिंत बांधताना तिथे दाराच्या उंचीवर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई टाकून ठेवा आणि खाली विटा भरून घ्या. पंधरा वर्षांनी फक्त त्या विटा काढल्या की दार तयार, वरच्या भिंतीला धक्का नाही. त्या पट्ट्यातून वायर किंवा पाइप मात्र नेऊ नका.

दोन मजली घरात एकावर एक येतील अशी पाच बाय पाच फुटांची कोठाराची जागा धरा. मधला स्लॅब त्या चौकोनापुरता वेगळा, कडेने बीम देऊन केला असेल तर पुढे तोच भाग काढून लहान लिफ्ट बसते. तोवर अंथरुणं-पांघरुणं ठेवायला ती जागा उपयोगी आहेच.

वरचा मजला नंतर चढवायचा असेल तर तो निर्णय पायाच्या वेळचा आहे. पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या भारासाठीच काढलेले हवेत, आणि त्यासाठी जमिनीची धारणक्षमता आधी तपासलेली हवी. पाण्याने फुगणारी आणि उन्हात आकसणारी चिकणमाती असेल तर पायाची पद्धतच बदलते. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या उघड्या सळया गंजतात, आणि गंज खाली कॉलममध्ये उतरतो. त्या सळया कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, लागतील तेव्हा फोडता येतं.

पैसा आणि कागद

पैसे कमी पडतातच. तेव्हा कुठे हात आखडायचा हे वरच्याच प्रश्नाने ठरवा. जे पुढे फोडल्याशिवाय बदलता येत नाही, म्हणजे पाया, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, भिंतीतले पाइप-वायरी, दारांची रुंदी, त्यात काटकसर नको. नळ, दिवे, कपाटांची दारं, रंग आज साधे घ्या. पाच वर्षांनी एका सुट्टीत बदलता येतील. प्रत्यक्षात उलटं होतं, कारण नळ दुकानात चमकताना दिसतो आणि सळईखालचा ठोकळा कुणाला दिसत नाही. नव्या बांधकामात एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के, जुन्याच्या कामात १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवा आणि ती आराखड्यात मोजूच नका. जुनी भिंत उघडली की आत काय निघेल ते आधी कळत नाही.

काम सुरू झाल्यावर केलेला प्रत्येक बदल लिहून, त्याची वाढीव रक्कम आणि वाढीव दिवस टाकून, दोघांच्या सह्या घेऊन मगच करा. तोंडी ‘होऊन जाईल’मधूनच बहुतेक भांडणं निघतात, आणि त्यात ठेकेदाराचीही तितकीच फरफट होते. त्याआधी आराखडा खऱ्या मापात जमिनीवर चुन्याने आखून घ्या. पलंग, टेबल, ओटा यांची जागा आखा, घरातल्या सगळ्यांना त्यातून चालायला सांगा, दाराच्या जागी उभं राहायला सांगा. कागदावर ऐसपैस दिसलेला बोळ चुन्याच्या रेघांत किती अरुंद आहे ते पाय लगेच सांगतात. जुन्या घराचं काम असेल आणि घाई नसेल, तर तिथे एक वर्ष राहून मग ठरवा. कुठल्या खोलीत ऊन तापतं, कुठला कोपरा पावसात ओला होतो हे सगळे ऋतू पाहिल्याशिवाय कळत नाही.

गिलावा करायच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी टेकवून, म्हणजे पाइप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते फोटोतच वाचता येईल. न्हाणीघराच्या फरशीआधीचे फोटो वेगळे. त्यासोबत सांगाड्याचे नकाशे, सळईची मापं, आतल्या प्लायवुडच्या आणि विटा भरून ठेवलेल्या दाराच्या जागा, रिकाम्या नळ्या कुठून कुठे जातात, कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, मुख्य पाणी बंद करायचा कॉक कुठे. हे सगळं छापून एका फाइलमध्ये घालून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. मोबाइल दर चार-पाच वर्षांनी बदलतो आणि त्यातले फोटो हरवतात. पुढे घर विकलंत तर ती फाइल नव्या मालकाच्या हातात द्या, कारण भिंत उघडायची वेळ त्याच्यावर येणार आहे.